लांबचं की जवळचं

माझा धंदा चौकशीचा. लोकांच्या घरी जायचं, त्यांच्या सतरंजीवर मांडी घालून बसायचं, त्यांनी दिलेला चहा प्यायचा आणि वर त्यांनाच विचारायचं की पगार झाला की तुम्ही पहिलं काय करता, घरात पैशाचं कोण ठरवतं, विमा का काढला नाही आणि काढला असेल तर कुणाच्या सांगण्यावरून. ऑफिसात याला यूजर रिसर्च म्हणतात. माझी आई याला भोचकपणा म्हणते. मी ही नोकरी धरली तेव्हा "भोचकपणाचा पगार मिळतो, काय दिवस आलेत," असं तिने शेजारणीला सांगितलं होतं. पेढे मात्र तिनेच वाटले.

मला हे काम मनापासून आवडतं, हे आधीच सांगून टाकते. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठल्या गल्लीत रिक्षा आत जाते आणि कुठे कोपऱ्यावरच उतरावं लागतं हे मला तोंडपाठ आहे. कुठल्या घरात आपल्यासाठी कपाटातले ठेवणीतले कप निघतात आणि कुठल्या घरात रोजचे, यावरून त्या दिवशीच्या गप्पा किती खऱ्या होणार तेही मला कळतं. कपाटातले कप निघाले की माणसं छान छान बोलतात आणि हाती काही लागत नाही. रोजचे कप निघाले की वही उघडायला हरकत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने बचत, विमा, पेन्शन सगळं एकाच ठिकाणी देणारं एक अ‍ॅप करायला घेतलं. उपनगरातल्या साध्या पगारदार घरांसाठी. त्यासाठी घरोघर जाऊन लोकांना काय हवंय ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या जोडीला एक पुण्याची मुलगी होती, स्क्रीन काढणारी. हुशार आणि कामसू, फक्त मला 'अहो ताई' म्हणायची आणि मुंबईत कुणी कुणाला 'अहो' म्हणत नाही याचा तिला रोज नव्याने धक्का बसायचा. आमच्या वर एक साहेब. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान. साहेब म्हटलेलं त्याला आवडायचं नाही, म्हणून तर आम्ही म्हणायचो.

या साहेबाचा जीव अ‍ॅपच्या पहिल्या स्क्रीनमध्ये अडकला होता. अ‍ॅप उघडलं की मोठ्या अक्षरांत प्रश्न यायचा, 'तुमचं स्वप्न काय?' खाली सुंदर चित्रं. घर, गाडी, लग्न, मुलांचं शिक्षण, परदेशवारी, घरातल्या वस्तू. एका चित्रावर बोट ठेवायचं, मग पुढचं सगळं त्या स्वप्नाभोवती फिरणार. दर आठवड्याला अ‍ॅप सांगणार, तुमचं स्वप्न इतकं जवळ आलं, शाब्बास. घरातल्या बाकीच्यांच्या फोनवरही तेच जाणार, म्हणजे सगळ्यांना हुरूप.

"लोक पैशासाठी बचत करत नाहीत यार, ड्रीमसाठी करतात," साहेब म्हणायचा. "आपल्याला ते ड्रीम पाहिजे. बाकी सगळं होतं."

मला त्यात तेव्हा काही वावगं दिसलं नाही. मी आणि पुण्याची मुलगी फोनवर ते अ‍ॅप घालून निघालो.

पहिल्या फेरीत आम्ही चारकोपला गेलो, तिथल्या एका सेक्टरमधल्या बैठ्या घरात. भिंतीला भिंत लागलेली घरं, समोर गल्ली. दारात स्टुलावर एक म्हातारी बसली होती, ताठ, हातात जपमाळ नाही, फोन नाही, नुसतीच. मालवणकडची. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा कुरियरच्या ऑफिसात. सून तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधांच्या पॅकिंगला, सकाळच्या पाळीला. आम्ही पोचलो तेव्हा ती आतल्या चटईवर आडवी होती आणि गडबडीने उठून केस बांधायला लागली.

"पडली हुती जरा," म्हातारी म्हणाली. "पहाटेक उठता ती. दुपारी पडाक नको?"

"तुम्हीही पडायचं ना काकी," मी म्हटलं.

"माका दुपारची झोप येना नाय."

घर म्हणजे एक खोली. तिच्यातच एका बाजूला ओटा, ओट्याच्या पलीकडे जुना फ्रिज. ओटा आणि फ्रिज यांच्या मध्ये एक अंथरूण गुंडाळून उभं केलेलं. ती म्हातारीची झोपायची जागा आहे हे मला विचारावं लागलं नाही. तिथे माणूस झोपेल, पण पाय दुमडूनच.

चहा आला, रोजच्या कपांत. सून चाळिशीतली, हसरी, बोलायला मोकळी. पाळीतल्या गमती सांगितल्या, सुपरवायझरची नक्कल केली. मग मी फोन तिच्या हातात दिला. पहिली स्क्रीन उघडली, 'तुमचं स्वप्न काय?' आणि तिचं बोलणं एकदम थांबलं. तिने सासूकडे बघितलं. सासूने गल्लीकडे बघितलं. मग सुनेने बोट फिरवत फिरवत घरातल्या वस्तूंवर आणून ठेवलं.

"काय घ्यायचंय?" मी विचारलं.

"फ्रिज," ती म्हणाली.

मी लिहून घेतलं.

घाटकोपरला एका गृहस्थांनी गाडी निवडली. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि त्यांच्या गल्लीत सायकल लावायची मारामार. मुलुंडला एका शिक्षिकेने लग्न निवडलं. तिच्या दोन्ही मुलांची लग्नं झालेली. आणि वाकोल्याला तर कमालच. तिथे आम्ही ज्या ज्या घरात गेलो त्या बहुतेक बायकांनी परदेशवारीवर बोट ठेवलं. पुण्याच्या मुलीने रंगीत आलेख काढले. साहेब खूश. वाकोला, सांताक्रूझ पूर्व, इथल्या गृहिणींना जग बघायचंय, हे त्याने मोठ्या मीटिंगमध्ये सांगितलं आणि परदेशवारीचं चित्र पहिल्या ओळीत घ्यायचं ठरलं. आयफेल टॉवर घालायचा की बर्फाचे डोंगर, यावर एक अख्खी सकाळ गेली.

मला राहून राहून वाटत होतं, कुठेतरी पाणी मुरतंय. मी त्या बायकांची घरं बघितली होती. त्यांच्यातल्या एकीने मला सांगितलं होतं की माहेरी मालगुंडला जायलाही तिला सुट्टी मिळत नाही. मी एक दिवस एकटीच पुन्हा वाकोल्याला गेले आणि तिच्या दारात उभी राहिले.

"मला एक सांगा, तुम्हाला खरंच फॉरेनला जायचंय?"

ती इतकी हसली की शेजारीण बाहेर आली. "आम्ही कशाला जातोय ताई फॉरेनला! म्हणूनच तर ते दाबलं ना. त्याला नाट लागेल तर लागू दे की. जे खरं करायचंय ते कोण दाबतं का?"

शेजारीणही हसायला लागली. "मला हिनेच सांगितलं, फॉरेन दाब म्हणून. तेच सेफ आहे."

मी तिथेच पायरीवर बसले. मला हसू येत होतं आणि स्वतःच्या डोक्यावर टपली मारावीशी वाटत होती. कारण हे मला शिकवायची गरजच नव्हती. आमच्या घरात बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे निघालास' असं कधी कुणी विचारलं नाही. विचारलं तर काम होत नाही, अशी समजूत. वडील चप्पल घालायला लागले की आई फार तर म्हणायची, "लांब का?" वडील म्हणायचे, "जवळच." नाहीतर "जरा लांब आहे." झालं. जेवायला थांबायचं की नाही ते तिला कळायचं आणि कामाला नाटही लागायचा प्रश्न नव्हता. 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. आणि जे मनात आहे ते होईपर्यंत तोंडातून काढायचं नाही. अशा घरात वाढलेली बाई मी, आणि लोकांच्या दारात जाऊन त्यांना विचारत होते, कुठे निघालात? तेही मोठ्या अक्षरांत, चित्रं लावून.

ऑफिसात मी हे सांगितलं तर पुण्याची मुलगी गंभीर झाली. "पण अहो ताई, ही अंधश्रद्धा नाही का?"

"असेल गं. तुला मुलगा बघायला आला होता ते तू कुणाला सांगितलंस?"

ती लाल झाली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. म्हणून तर म्हणते."

साहेबाला मात्र ते पटलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त शांतपणे बसलेला माणूस कंटाळलेला वाटायचा आणि गप्प बसलेला माणूस गिऱ्हाईक वाटायचा नाही. "लोक लाजतात," तो म्हणाला. "आपण त्यांना बोलतं करू. एक छोटी फिल्म काढू. एखादी साधी बाई कॅमेऱ्यासमोर आपलं ड्रीम सांगतेय. बास. ती चारकोपवाली छान बोलते म्हणालात ना?"

मी म्हटलं होतं खरं. माझ्याच अहवालात लिहिलं होतं.

मी चारकोपला पुन्हा गेले, फिल्मचं विचारायला. जाताना मनाशी ठरवलं होतं की तिने नाही म्हणावं असं तिला सुचवायचं. पण मुलगा घरी होता आणि त्याने माझं बोलणं पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. घरी चालून आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, असा त्याचा चेहरा. तो कामावर गेला. म्हातारी दारातल्या स्टुलावरून आत बघत होती आणि तिचा चेहरा बदलला होता.

"वहिनी," मी सुनेला म्हटलं, "मी आज काही विचारणार नाही. पण तुम्हाला बोलायचं नसेल तर मी ऑफिसात काहीतरी सांगेन."

ती उठून दारापर्यंत आली, गल्लीत दोन्हीकडे बघितलं, आणि तोंडाने काही न बोलता हनुवटीने शेजारचं दार दाखवलं. त्या दाराला कुलूप होतं. त्यांच्याच भिंतीला लागून असलेली खोली.

म्हातारी स्टुलावरूनच खालच्या आवाजात म्हणाली, "दोनदा मोडला गो बाय. तोंडातसून भायर पडला काय नाट लागता. माका ठाऊक आसा."

मग सुनेने मला आत नेऊन, मिक्सर चालू करून सगळं सांगितलं. मी मिक्सरचं कारण विचारलं नाही. पहिल्या वेळी पलीकडच्या गल्लीतली एक खोली विकत घ्यायची ठरली होती. मालकाने शब्द दिला आणि नवऱ्याने आनंदाच्या भरात पेढे वाटले. आठवडाभरात त्याच गल्लीतल्या कुणीतरी मालकाला जास्तीचं आमिष दाखवलं आणि शब्द गेला पाण्यात. दुसऱ्या वेळी दिराला सांगितलं. दीर बघायला आला, भर गल्लीत मोठमोठ्याने भिंतीची मापं घेतली, मालकाला वाटलं यांची नड फार दिसतेय, आणि तो अडून बसला. आता ही शेजारची. मालक मुलाकडे राहायला गेलेला. शब्द झालाय, बँकेची कागदपत्रं व्हायचीयत. मालकाची बहीण याच गल्लीच्या टोकाला राहते आणि तिच्या कानावर गेलं तर ती आपल्या जावयासाठी मागणार, हे घरात सगळ्यांना माहीत.

"मी फ्रिजच सांगेन ना कॅमेऱ्यात," ती म्हणाली. "सांगायला काय जातंय."

मिक्सर बंद झाला. माझी नजर ओटा आणि फ्रिजमधल्या त्या गुंडाळलेल्या अंथरुणाकडे गेली. तिची पण गेली.

"पाय पसरता येत नाहीत त्यांना," ती हळूच म्हणाली. "गुडघे धरलेत आता. बोलत नाहीत कधी. पण रात्री कूस बदलतात तेव्हा मला कळतं." मग म्हणाली, "आणि मलाही वाटतं ताई, कधीतरी दार लावून घ्यावं नुसतं. काही करायचं नाही. नुसतं लावायचं."

आता मला नाट म्हणजे काय ते नीट कळलं होतं. नाट म्हणजे दुसरं काही नाही, गल्लीचे कान. आमच्या अ‍ॅपने तर घरातल्या सगळ्यांच्या फोनवर आणि त्यांच्या शेजारी बसलेल्यांच्या डोळ्यांसमोर दर आठवड्याला पेढे वाटायचं ठरवलं होतं. मी घरी येताना रिक्षात स्वतःशीच चरफडले. फिल्म रद्द करा म्हणून साहेबाला फोन केला, तर तो म्हणाला, कॅमेरावाला ठरलाय, आणि मी पण येतोय, मला बघायचंय.

फिल्मचा दिवस आला. कॅमेरा, दिवे, वायरी, आणि गल्लीतली झाडून सगळी माणसं दारात. चारकोपला शूटिंग आहे म्हटल्यावर कोण घरी बसतं! मुलगा इस्त्रीच्या शर्टात. सून ठेवणीतल्या साडीत, अवघडलेली. म्हातारीला स्टूल हलवायला सांगितलं तर तिने हलवलं नाही, ती दारातच बसून राहिली, गल्लीकडे पाठ करून, जणू सगळ्यांना अडवायला. आणि दाराच्या चौकटीला टेकून, सगळ्यांच्या पुढे, एक जाडशी बाई पदर खोचून उभी होती. सुनेने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांवरून मला कळलं की हीच ती मालकाची बहीण.

कॅमेरा चालू झाला. साहेब कॅमेऱ्याशेजारी बसला होता. त्याने गोड आवाजात विचारलं, "सांगा, तुमचं स्वप्न काय?"

"फ्रिज घ्यायचाय," सून म्हणाली.

साहेबाने मान वळवून फ्रिजकडे बघितलं. "पण फ्रिज तर आहे."

"नवीन."

"चालतोय की हा." त्याने चक्क उठून दार उघडून बघितलं. "मस्त थंड आहे. नाही नाही, घाबरू नका. हे सगळे आपलेच आहेत. खरं सांगा, मनातलं. काय पाहिजे तुम्हाला?"

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अगं सांग ना, लाजते काय!" पदर खोचलेली बाई हसली आणि आत एक पाऊल आली. "मला पण ऐकायचंय," ती म्हणाली.

सुनेच्या ओठाचा वरचा भाग घामाने चमकत होता. ती खोटं बोलण्यात अजिबात हुशार नव्हती, सुपरवायझरची नक्कल करणारी बाई स्वतःची करू शकत नव्हती. तिची नजर नकळत भिंतीकडे, त्या बाजूच्या भिंतीकडे जायला लागली होती. म्हातारी स्टुलावर हलली. एक शब्द, नाहीतर आणखी एक नजर, आणि तिसऱ्यांदा मोडणार हे मला स्वच्छ दिसत होतं. साहेबावर ओरडावं असं वाटलं, पण ओरडलं की गल्लीला आणखीच वास लागला असता.

आणि माझ्या तोंडून, विचार न करता, आईचा प्रश्न बाहेर पडला.

"वहिनी, काय ते नका सांगू. एवढंच सांगा, लांबचं आहे की जवळचं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग तिचा सगळा चेहरा खुलला आणि ती हसायला लागली, पहिल्या दिवशी हसली होती तशी.

"जवळचंच," ती म्हणाली. "अगदी जवळचं आहे."

स्टुलावरून म्हातारीने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. मुलगा एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघून हसायला लागला आणि घरातली तिन्ही माणसं हसतायत म्हटल्यावर गल्लीही हसली. पदर खोचलेली बाई सगळ्यांत मोठ्याने. "जवळचं म्हणजे मिक्सर असणार," ती म्हणाली. "जुना केवढा आवाज करतो, माझ्या घरापर्यंत येतो."

"झकास!" साहेब म्हणाला. "कट."

परतताना गाडीत तो ते चित्रण पुन्हा पुन्हा बघत होता. "काय हसलीय यार ही बाई," तो म्हणाला. "हे आपल्याला आयफेल टॉवरने मिळालं नसतं." जोगेश्वरीच्या सिग्नलला त्याने विचारलं, "पण तिचं ड्रीम नक्की काय आहे? तुम्हाला माहितीये ना?"

"माहितीये."

"सांगा ना."

"नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच पुढे काही विचारलं नाही. त्या दिवसापासून तो मला बरा वाटायला लागला.

पहिल्या स्क्रीनवरची चित्रं गेली. पुण्याच्या मुलीने नवीन स्क्रीन काढली ती अगदी साधी. 'लांबचं की जवळचं?' एवढाच प्रश्न. जवळचं म्हटलं तर पैसे हाताशी राहतील असं, लांबचं म्हटलं तर मुरायला ठेवावं असं. कशासाठी, ते कुणी विचारणार नाही. घरच्यांच्या फोनवर काही जाणार नाही, तुम्ही मुद्दाम पाठवलंत तरच. शाब्बास बंद. आम्ही ती घेऊन पुन्हा त्याच घरांत गेलो. वाकोल्याच्या त्या दोघी शेजारणींनी प्रश्न वाचला, एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनी पटकन बोट ठेवलं. कशावर ते मी बघितलं, पण सांगणार नाही. घाटकोपरचे गृहस्थ म्हणाले, "हां, असं विचारा ना." मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की मी घरी जाताना आईसाठी तिच्या आवडीचे खाजे घेऊन गेले. "कशाबद्दल?" तिने विचारलं नाही. खाल्ले.

चारकोपहून मात्र काही कळलं नव्हतं. मीही फोन केला नाही. पावसाळा गेला, गणपती झाले, आणि दिवाळीनंतर एका रविवारी तिचा फोन आला.

"ताई, येऊन जा ना. दुपारी या."

"येते," मी म्हटलं. का, ते विचारलं नाही.

चप्पल घालत होते तेव्हा आई आतून म्हणाली, "लांब का?"

"जवळच."

गल्लीत शिरले आणि लांबूनच दिसलं. शेजारच्या दाराचं कुलूप नव्हतं. दोन्ही दारं उघडी होती. दारातल्या स्टुलावर कुणी नव्हतं, त्यावर रंगाचा एक डबा ठेवलेला. सून बाहेर पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, अजूनही? झालं तरी बोलायचं नाही का? मग तिने मला हात धरून आत नेलं.

मधली भिंत फोडून दार केलं होतं. चौकट बसायची होती अजून, कडेच्या विटा उघड्या होत्या. पलीकडच्या खोलीत काही म्हणजे काही नव्हतं, पलंग नाही, कपाट नाही. मधोमध एक चटई आणि चटईवर म्हातारी झोपली होती. उताणी. दोन्ही पाय सरळ, लांब केलेले, टाचा चटईच्या बाहेर फरशीवर. तोंड थोडं उघडं. ती घोरत होती.

आम्ही दोघी त्या नसलेल्या चौकटीत उभ्या राहिलो.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"जेवल्यावर आडव्या झाल्या. रोजच. चार वाजेपर्यंत उठत नाहीत."

"त्यांना दुपारची झोप येत नाही म्हणायच्या ना."

ती सासूच्या पायांकडे बघत होती. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून तेच म्हणायच्या," ती म्हणाली. "मी पाळीवरून यायचे, चटईवर पडायचे, आणि त्या दारात स्टुलावर. मला खरंच वाटायचं हो ताई, त्यांना येत नाही."

तिने डोळे पुसले आणि आम्ही पाय न वाजवता बाहेर पायरीवर येऊन बसलो. तिने अर्धे तांदूळ माझ्यापुढे सरकवले. म्हातारी उठेपर्यंत आम्ही ते निवडत बसलो.